रात्रीच्या आकाशातील गडगडाट कोणत्या वाटेने येतो

आकाश निरभ्र असते, क्षितिजावर कुठेही वीज चमकलेली नसते, वाराही पडलेला असतो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर अचानक दुरून एक जड, लांबलेला गडगडाट सुरू होतो. कधी तो पाच-दहा सेकंदांत विरून जातो, कधी मिनिटभर कमी-जास्त होत राहतो. खिडक्यांची तावदाने थरथरतात, फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणतात, कुत्री भुंकू लागतात आणि मग सगळे पूर्ववत होते. असा आवाज ऐकलेल्या माणसांशी मी जेव्हा जेव्हा बोलले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न एकच होता: आकाशात हे कशाचे झाले असेल? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे घाबरलेले माणूस असते आणि त्याला ‘भास झाला असेल’ असे सांगून वाटेला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मात्र उत्तर शोधताना आपण एकदम उगमाकडे धाव घेतो आणि तिथेच गफलत होते. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे आवाज आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला. या एका प्रश्नाने निम्म्याहून अधिक गूढ उकलते.

सुरुवात आपल्या कानापासूनच करावी लागते. आवाज वरून आला की खालून, समोरून आला की मागून, हे ठरवताना कानाच्या पाळीच्या वळणांचा मोठा वाटा असतो. येणारा आवाज त्या वळणांवर आपटून थोडा बदलतो आणि त्या बदलावरून मेंदू उंचीचा अंदाज बांधतो. ही सोय मुख्यतः काही हजार हर्ट्झच्या तीक्ष्ण आवाजांसाठी उपयोगी पडते. तीस हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी सुमारे अकरा मीटर असते आणि एवढ्या लांब तरंगाला कानाची पाळी जाणवतही नाही. डाव्या आणि उजव्या कानांत पडणारा फरकही इतक्या खालच्या स्वराच्या बाबतीत अगदी क्षीण असतो. त्यामुळे खोल गडगडाट ‘सगळीकडून’ आल्यासारखा वाटतो, आणि आजूबाजूला त्याचे कारण दिसले नाही की आपण तो आकाशाच्या नावावर टाकतो. म्हणून ‘आवाज आकाशातून आला’ हे विधान कोणी कितीही खात्रीने केले, तरी तो केवळ एक अंदाज आहे असे धरून चालावे. आवाज आला हे मात्र खरे मानावे.

यात भर पडते ती हवेच्या चाळणीची. हवा सगळे स्वर सारख्या प्रमाणात शोषून घेत नाही. चार हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज किलोमीटरभर प्रवासात वीस डेसिबलहून अधिक क्षीण होऊ शकतो, तर साठ हर्ट्झच्या आसपासचा आवाज तेवढ्याच अंतरात जेमतेम एक दशांश डेसिबल गमावतो. परिणामी दूरवरच्या कोणत्याही मोठ्या आवाजातील ठणठणाट, कर्कशपणा, शिट्टी असे ओळख पटवणारे सगळे अंश वाटेतच गळून पडतात आणि शेवटी उरतो तो निव्वळ गडगडाट. स्फोट असो, रेल्वे असो, विमान असो की कारखान्यातील वाफ असो, पुरेशा अंतरावरून ही सगळी जवळजवळ सारखीच ऐकू येतात.

आता रात्रीच्या हवेकडे वळते, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. शून्य अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा उष्ण असते, आणि ध्वनी नेहमी कमी वेगाच्या, म्हणजे थंड हवेच्या दिशेने वळत असल्यामुळे तो जमिनीपासून सुटून वर निघून जातो. म्हणूनच दुपारी दोन-तीन किलोमीटरवरचा बऱ्यापैकी मोठा आवाजही कित्येकदा ऐकू येत नाही. सूर्य मावळल्यावर हे चित्र उलटते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिला टेकलेली हवा गार होते आणि शे-दोनशे मीटर उंचीवरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्याला तापमानाची विपरितता म्हणतो ती हीच. अशा वेळी वर जाऊ पाहणारा ध्वनी पुन्हा खाली वळतो, जमिनीवर आपटतो, पुन्हा उठतो, पुन्हा वळतो, आणि असे करत करत दिवसाच्या मानाने कितीतरी लांब जातो. त्यातच रात्री काहीशे मीटर उंचीवर वेगवान वाऱ्याचा एक पट्टा तयार होण्याची शक्यता असते. खाली पानही हलत नसते आणि वर मात्र जोराचा वारा वाहत असतो. या वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज आणखी दूर पोहोचतो आणि विरुद्ध दिशेचा दबून जातो.

हा फरक स्वतः ऐकून पाहण्यासारखा आहे आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. हिवाळ्यातील स्वच्छ पहाटे, उजाडण्याच्या तासभर आधी, उघड्यावर स्वस्थ उभे राहावे. रात्री लांबच्या रुळांवरून जाणारी मालगाडी तिच्या प्रत्येक डब्याच्या ठेक्यासह ऐकू येते. सूर्य वर आल्यावर तीच गाडी, तेच रूळ, तेच अंतर असूनही आवाज हळूहळू पातळ होतो आणि उन्हे तापू लागेपर्यंत नाहीसा होतो. मी हे पुन्हा पुन्हा ऐकले आहे आणि दरवेळी मला एका गोष्टीचे नवल वाटते. आवाज थांबण्यापूर्वी आधी त्याची लय हरवते, ठेके एकमेकांत मिसळतात, आणि शेवटी काही क्षण फक्त दिशाहीन घरघर उरते. एखाद्याने केवळ तेवढीच घरघर ऐकली तर तिचा रेल्वेशी संबंध जोडणे त्याला शक्यच नाही.

दुसरी वाट याहून उंचावरून जाते आणि ती मला अधिक विलक्षण वाटते. जमिनीपासून वर जाताना हवा गार होत जाते, पण स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वर असलेल्या हवेच्या थरात, ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषत असल्यामुळे ती पुन्हा तापू लागते आणि पन्नास किलोमीटरच्या आसपास बरीच उबदार होते. जमिनीवरून तिरका वर गेलेला ध्वनी तिथे वळतो आणि उगमापासून शे-दीडशे किलोमीटर किंवा त्याहून दूर पुन्हा जमिनीवर उतरतो. वरचे वारे अनुकूल असले तर हे अधिक ठळकपणे घडते. मधल्या पट्ट्यात मात्र काहीच ऐकू येत नाही. फेब्रुवारी १९०१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या अंत्ययात्रेच्या वेळी नौदलाने दिलेल्या तोफांच्या सलामीचे आवाज इंग्लंडमध्ये खूप दूरच्या गावांत ऐकू आले आणि त्याहून जवळच्या अनेक ठिकाणी आले नाहीत. २१ सप्टेंबर १९२१ रोजी जर्मनीतील ओप्पाऊ येथील खत कारखान्यात झालेल्या भीषण स्फोटाचा आवाज सुमारे तीनशे किलोमीटरवरील म्युनिकमध्ये पोहोचला आणि मधल्या पट्ट्यातील अनेक गावांना त्याचा पत्ता लागला नाही. या निःशब्द पट्ट्यांच्या अभ्यासातूनच वरच्या थरांतील तापमानाबद्दल शास्त्रज्ञांना पुष्कळ काही कळले.

याचा व्यावहारिक अर्थ नीट लक्षात घ्यावा असा आहे. एका गावातील माणसे शपथेवर सांगतात की दणका बसला, वीस किलोमीटरवरच्या गावात कोणालाच काही ऐकू आलेले नसते, आणि मग पहिल्या गावाला वेड्यात काढले जाते. प्रत्यक्षात दोन्ही गावे खरे बोलत असू शकतात. आवाजाचा उगमही त्या दोन्ही गावांच्या जवळ असेल असे नाही.

अंतराची कमाल मर्यादा किती, याची उत्तरे ज्वालामुखींनी दिली आहेत. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआचा उद्रेक झाला तेव्हा सुमारे ४,८०० किलोमीटरवरील रॉड्रिग्ज बेटावरच्या पोलीस प्रमुखाने दूरवरून तोफांचे बार ऐकू येत असल्याची नोंद केली, आणि तो आवाज तिथे पोहोचायला चार तासांच्या आसपास लागले होते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळच्या समुद्रातील ज्वालामुखी फुटला तेव्हा नऊ हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अलास्कात लोकांनी पहाटेच्या अंधारात गडगडाट ऐकला. बातमी वाचली नसती तर त्यांच्यापैकी कोणालाही हा आवाज प्रशांत महासागराच्या पलीकडून आला आहे असे वाटले नसते.

अर्थात बहुतेक रात्री ज्वालामुखी फुटत नाहीत. मला विचाराल तर रात्रीच्या गडगडाटाचे सर्वांत जास्त वेळा लागू पडणारे कारण विमान हे आहे, आणि लोक तेच सर्वांत आधी बाद करतात, कारण ‘मी वर पाहिले, विमान नव्हते’. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जात असेल तर डोक्यावरून गेल्यानंतर त्याचा आवाज खाली पोहोचायला अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात ताशी नऊशे किलोमीटर वेगाचे विमान आठ-नऊ किलोमीटर पुढे गेलेले असते. आवाज जिथून आल्यासारखा वाटतो तिथे पाहिले तर तिथे काहीच नसते. इंजिनाची शीळ हवेने गाळलेली असते, उरलेला खालचा स्वर वरच्या हवेतील खळबळीमुळे फुगतो आणि ओसरतो, त्यामुळे तो यंत्राचा एकसुरी आवाज न वाटता ढगांच्या गडगडाटासारखा वाटतो. विरळ ढगांचा थर असेल तर दिवेही दिसत नाहीत. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या वेळी काही दिसले नाही, एवढ्यावरून विमान नव्हते असा निष्कर्ष काढणेही योग्य नाही, कारण लष्करी विमाने तिथे अनेकदा दिसत नाहीत.

स्वनातीत विमानांचा प्रकार वेगळा आहे. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या पुढे हवा बाजूला सरू शकत नाही, तिथे दाबाची एक तीव्र भिंत तयार होते आणि नावेमागे पसरत जाणाऱ्या लाटांप्रमाणे ती विमानामागे ओढली जाते. आघात तरंगाची ही कड जिथून सरकते तिथे दणका बसतो. पुष्कळांचा असा समज आहे की विमान ध्वनीचा वेग ओलांडते त्या एकाच क्षणी तो बसतो. खरे तर विमान त्या वेगाने जात आहे तोवर त्याच्या मार्गाखालच्या संपूर्ण पट्ट्याला तो क्रमाक्रमाने ऐकू येत राहतो. विमानाच्या टोकाचा आणि शेपटीचा असे दोन दणके लागोपाठ येतात, म्हणून ‘धड-धड’ असे जोडीने ऐकू आल्याचे कोणी सांगितले तर या शक्यतेचा आधी विचार करावा. २० मे २०२० रोजी दुपारी बंगळूरू शहर अशाच एका दणक्याने हादरले होते. भूकंपापासून स्फोटापर्यंत सगळे तर्क लढवून झाल्यावर संरक्षण खात्याच्या वतीने स्पष्ट करण्यात आले की हवाई दलाचे एक विमान शहराबाहेरच्या नेमून दिलेल्या हवाई क्षेत्रात स्वनातीत चाचणी उड्डाण करत होते. असा आवाज विमान ६५ ते ८० किलोमीटर दूर असतानाही ऐकू येऊ शकतो, असेही त्या वेळी सांगितले गेले. भर दुपारी जर शहराला उत्तर मिळायला वेळ लागतो, तर रात्री काय होत असेल याची कल्पना करता येते. शिवाय स्वनातीत विमानाच्या आघात तरंगाचा काही भाग वर जाऊन, मघाशी सांगितलेल्या स्थितांबराच्या वाटेने, शेकडो किलोमीटरवर उतरतो. तिथे तो दणका राहत नाही. लांबून येणारी, दोन-तीनदा उमटणारी गुरगुर बनून तो पोहोचतो. कॉन्कॉर्ड विमाने अटलांटिकवरून उडत असत त्या काळात किनाऱ्यांवर ऐकू येणाऱ्या अशा दुय्यम आवाजांचा बराच अभ्यास झाला होता.

विजेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिचा गडगडाट सर्वांच्या परिचयाचा आहे. विजेचा मार्ग कित्येक किलोमीटर लांब आणि नागमोडी असतो, त्याच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेला आवाज वेगवेगळ्या वेळी कानावर येतो, म्हणून एका क्षणाच्या लखलखाटाचा आवाज पंधरा-वीस सेकंद घोळत राहतो. एरवी हा आवाज वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे सहसा ऐकू येत नाही, पण जमिनीलगत गार हवेचा थर असेल तर ही मर्यादा ताणली जाते. आपल्या डोक्यावर चांदणे असताना दूरच्या वादळाचा गडगडाट ऐकू येणे अगदी शक्य आहे. ढगांमधून आडवी धावणारी वीज तर थक्क करणारी असते. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेत नोंदवली गेलेली एक वीज ८२९ किलोमीटर लांबीची होती आणि जागतिक हवामान संघटनेने तिला विक्रम म्हणून मान्यता दिली आहे. आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणून वीज नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही. विजांचे नकाशे आता कोणालाही पाहता येतात आणि ती तपासणी दोन मिनिटांची आहे.

आकाशातूनच येणारा, आणि खऱ्या अर्थाने अपूर्व म्हणावा असा आवाज अशनींचा, म्हणजे अवकाशातून वातावरणात शिरणाऱ्या मोठ्या खडकांचा असतो. नेहमीच्या उल्का ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवर जळून जातात आणि त्यांचा आवाज खाली येत नाही. उल्कावर्षावाच्या रात्री गडगडाट झाला म्हणजे तो उल्कांचाच, हा तर्क म्हणूनच टिकत नाही. एखादा मोठा तुकडा पन्नास किलोमीटरच्या खाली उतरला आणि तिथे फुटला तरच त्याचा आघात तरंग जमिनीवर पोहोचण्याची शक्यता असते, आणि त्यालाही उजेडानंतर दीड ते चार मिनिटे लागतात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर हेच घडले. सुमारे वीस मीटर व्यासाचा खडक सेकंदाला एकोणीस किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला आणि सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुटला. सूर्याहून प्रखर उजेड पाहून लोक खिडक्यांशी धावले, काही काळ काहीच घडले नाही, आणि दोन मिनिटांहून अधिक वेळाने आलेल्या दणक्याने तावदाने फुटून काचा त्यांच्यावर कोसळल्या. जखमी झालेल्या सुमारे पंधराशे लोकांपैकी बहुतेक काचांनी जखमी झाले. उजेड आणि आवाज यांच्यामध्ये एवढा वेळ जातो हे माहीत असते तर त्यांतले पुष्कळ जण खिडकीपासून दूर झाले असते, आणि म्हणूनच ही एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला कळकळीने वाटते. आभाळ भगभगून उजळले, तर खिडकीजवळ जाऊ नये आणि किमान चार-पाच मिनिटे काचांपासून लांब राहावे. त्या स्फोटाचे अवश्राव्य तरंग, म्हणजे वीस हर्ट्झच्या खालचे, कानाला न कळणारे तरंग, अणुचाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी जगभर उभारलेल्या केंद्रांपैकी वीस केंद्रांवर नोंदले गेले आणि त्यांतले सर्वांत दूरचे केंद्र सुमारे १५,००० किलोमीटरवर, अंटार्क्टिकात होते.

रॉकेटांचे अवशेषही आता या यादीत आले आहेत. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून जळत जाणाऱ्या तेजस्वी रेषा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. तो चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचे अभ्यासकांचे मत होते. अशा अवशेषांचा वेग अशनींपेक्षा कमी असतो, ते आकाशातून सावकाश, मिनिटभर सरकताना दिसतात, आणि काही वेळा त्यांच्या मागोमाग गडगडाटही ऐकू येतो.

ज्या कारणाचा विचार आकाशाकडे पाहणाऱ्याच्या मनात सर्वांत शेवटी येतो ते त्याच्या पायांखाली असते. अगदी उथळ आणि लहान भूकंपातून निघणारे वेगवान कंपन जमिनीच्या पृष्ठभागावर पोहोचले की जमीनच पडद्यासारखी थरथरते आणि हवेत आवाज सोडते. भूकंप इतका लहान असतो की हादरा जाणवत नाही, आवाज मात्र तोफेसारखा येतो, आणि तो खालून आला आहे हे कानाला कळण्याचा मार्ग नसतो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मूडस नावाचे गाव अशा आवाजांसाठी शतकानुशतके ओळखले जात होते. १९८० च्या दशकात तिथे संवेदनशील भूकंपमापके बसवल्यावर त्या आवाजांचे मूळ अतिशय उथळ सूक्ष्म भूकंपांच्या मालिकेत सापडले. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या भूकंपमालिकेतही लोकांनी धक्क्यांबरोबर स्फोटासारखे आवाज ऐकल्याचे सांगितले होते. अशा ठिकाणी लोकांना आकाशाची भीती घालण्यापेक्षा घराच्या भिंती तपासायला सांगणे अधिक उपयोगाचे ठरते.

माणसाने केलेले आवाज तर रात्री हमखास फसवतात. खाणींमधील सुरुंग, लष्करी सरावाची मैदाने, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या भडकत्या ज्वाला ही सर्वांना सुचणारी कारणे आहेत. कमी ज्ञात असलेले एक कारण सांगते. नवे औष्णिक वीज केंद्र सुरू करण्याआधी बाष्पकापासून (बॉयलरपासून) टर्बाइनपर्यंतच्या नळ्यांत राहिलेले वेल्डिंगचे कण, गंज आणि कचरा काढण्यासाठी त्यांतून प्रचंड दाबाची वाफ वारंवार बाहेर सोडली जाते. कणभर धातू जरी उरला तरी टर्बाइनची पाती खराब होतात, म्हणून हे काम दिवसेंदिवस चालते. त्यातला प्रत्येक फूत्कार जवळून असह्य असतो, आणि काही किलोमीटरवर रात्रीच्या गार हवेतून तो एक लांब, खोल, आभाळभर पसरलेली घरघर म्हणून पोहोचतो. काही आठवड्यांनी ते काम संपते आणि आवाज जसा आला तसा बंद होतो. ज्यांना कारण ठाऊक नसते त्यांच्या दृष्टीने ती घटना कायमची गूढ राहते.

कॅनडातील विंडसर शहराची कहाणी याच जातीची आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. २०११ च्या सुमारास तिथल्या रहिवाशांनी रात्री खोल घरघर ऐकू येत असल्याच्या तक्रारी सुरू केल्या. काहींच्या घरातल्या वस्तू थरथरत असत, काहींची झोप उडाली होती, आणि शेजारच्यांना काहीच ऐकू येत नसे. अभ्यासातून संशयाचा रोख नदीपलीकडे, दुसऱ्या देशात असलेल्या झग बेटावरील पोलाद कारखान्याकडे वळला. २०२० मध्ये तिथल्या झोतभट्ट्या बंद करण्यात आल्या आणि विंडसरची घरघर थांबली. जवळजवळ नऊ वर्षे ज्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला गेला नाही ते सगळे बरोबर होते.

याउलट न्यू मेक्सिकोतील टाओस या गावी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऐकू येऊ लागलेल्या घरघरीचा तपास झाला तेव्हा सुमारे दोन टक्के लोकांनी ती ऐकू येत असल्याचे सांगितले, आणि उपकरणांना बाहेर तसा आवाज सापडला नाही. काही आवाजांचा जन्म खरोखर श्रवणयंत्रणेतच होतो आणि त्यात ऐकणाऱ्याचा काही दोष नसतो. झोप लागता लागता किंवा जाग येता येता डोक्यात प्रचंड स्फोट झाल्याचा अनुभव अनेकांना येतो. वैद्यकशास्त्रात त्याला ‘एक्स्प्लोडिंग हेड सिंड्रोम’ म्हणतात, त्यात वेदना नसते आणि तो सहसा निरुपद्रवी असतो. घरात जागे असलेल्या दुसऱ्या कोणीही आवाज ऐकला नसेल आणि तावदानही हलले नसेल, तर या शक्यतेचा शांतपणे विचार करावा. सततची घरघर गाव बदलले तरी सोबत येत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

तुतारीसारखे आवाज आकाशातून येत असल्याच्या चित्रफिती २०११-१२ पासून जगभर फिरत आहेत. त्यांतल्या कित्येकांत एकच ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या शहरांच्या दृश्यांवर चढवलेले आढळले. अशा चित्रफितींनी झालेले मोठे नुकसान हे की प्रामाणिकपणे काही सांगू पाहणाऱ्या माणसाकडेही आता लोक त्याच संशयाने पाहतात.

हे सगळे वजा केल्यावरही काही आवाज उरतात आणि ते मान्य करण्यात विज्ञानाला कमीपणा नाही. आजच्या बांगलादेशातील बारिसाल परिसरात एकोणिसाव्या शतकात समुद्राच्या दिशेने तोफा डागल्यासारखे आवाज वारंवार ऐकू येत. बेल्जियमच्या किनाऱ्यावर, जपानमध्ये, अमेरिकेतील सेनेका सरोवराकाठी तशाच आवाजांच्या नोंदी आहेत, आणि १८९५ मध्ये चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी या सगळ्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. यांतले बरेच आवाज स्वनातीत विमानांच्या कितीतरी आधीचे आहेत, त्यामुळे ते कारण तिथे चालत नाही. समुद्रतळातून सुटणारा वायू, दूरच्या किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा, लहान भूकंप असे अनेक तर्क झाले. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी तिथल्या किनाऱ्यावरच्या अशाच दणक्यांच्या बातम्या आणि भूकंपमापकांच्या जाळ्यातील नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्या वेळांना जुळणारे भूकंप सापडले नाहीत, हवेतून आलेले एक ते दहा सेकंदांचे तरंग मात्र सापडले. म्हणजे त्या ठिकाणापुरती तरी वाट कळली, उगम अजून सापडायचा आहे.

असा आवाज पुन्हा ऐकू आला तर पहिली गोष्ट, त्याची वेळ सेकंदापर्यंत लिहून ठेवावी. फोनवर ध्वनिमुद्रण जरूर करावे, पण त्यावर फार विसंबू नये, कारण फोनचे मायक्रोफोन बोलण्यासाठी घडवलेले असतात आणि अगदी खालचे स्वर ते नीट टिपत नाहीत. किती वेळ चालला, एक दणका होता की दोन, आधीच्या पाच मिनिटांत उजेड दिसला का, जमीन हलली की फक्त तावदाने, आकाश निरभ्र होते का, वारा कुठून होता, एवढे लिहिले तरी पुष्कळ होते. मग दहा-वीस किलोमीटरवर राहणाऱ्या ओळखीच्यांना फोन करून त्यांनी ऐकलेली नेमकी वेळ विचारावी. हवेतून जमिनीलगत आलेल्या आवाजाला दहा किलोमीटर अंतर कापायला साधारण तीस सेकंद लागतात, त्यामुळे आपल्यापूर्वी अर्धा मिनिट ज्यांनी तो ऐकला त्यांच्या दिशेला उगम आहे असे समजता येते. तीन ठिकाणच्या वेळा मिळाल्या तर नकाशावर त्याची जागा बरीचशी आवळता येते. भूकंपाचे पहिले तरंग मात्र खडकातून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने धावतात आणि तेच दहा किलोमीटर दोन सेकंदांत पार करतात. सगळ्या ठिकाणी आवाज जवळजवळ एकाच क्षणी ऐकू आला असेल, तर आधी भूकंपांच्या नोंदी उघडाव्यात आणि मग विमाने, विजा व अशनी यांच्या नोंदींकडे वळावे.